यळ्ळूरच्या शिवारातलं एक जलरंग: नजर गडावर न जाता झाडापाशीच का अडकते?

बांधावरचा

चर्चेसाठी एक निसर्गचित्र ठेवतोय. चित्रकार आमच्या रविवारच्या गटातला आहे, त्याची परवानगी घेतलीय, नाव नको म्हणालाय. मोबाईलवर छटा (उजळ-गडदपणा) नीट उतरत नाहीत म्हणून शब्दांतही सांगतो.

कागद १५ × ११ इंच, आडवा, ३०० जीएसएम (जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). जागा बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या शिवारातली, भात कापून झाल्यानंतरची, सकाळी नऊच्या सुमाराची, ऊन उजवीकडून. वर उजव्या भागात राजहंसगड. डावीकडे आंब्याचं झाड, कडेपासून तीन इंचांवर, सात इंच उंच. मधे धसकटांचं शेत. पुढं नांगरलेल्या काळ्या रानाचा आडवा पट्टा, दीड इंच जाड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक बांध खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो, पट्ट्याला भिडतो आणि पलीकडं गडाच्या दिशेनं पुन्हा दिसतो.

रंग सगळ्यांना आवडले. पण चित्राचा विषय गड आहे आणि नजर काही केल्या झाडाच्या बुंध्यावरून हलत नाही. हे का होतंय आणि आहे त्या कागदावर काय करता येईल? ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ यांनी पोट भरलंय, रचना आणि छटा यांच्यावर बोला.

खडूफळा

चित्र आधी काळं-पांढरं करून घेतलं. आकड्यांत बोलूया, म्हणजे गोंधळ नको. १ म्हणजे कोरा कागद, ९ म्हणजे जलरंगातून निघेल तेवढा गडद.

आकाश २. गड ३. धसकटं २ ते ३. झाडाचा पर्णभार ७. बुंधा ८. काळा पट्टा ७.

आता कोण कोणाला खेटून आहे ते बघा. गड आणि आकाश यांच्यात एका पायरीचा फरक. बुंधा आणि मागचं शेत यांच्यात सहा पायऱ्यांचा. जिथं फरक मोठा तिथं डोळा आधी जातो, तिथं काय काढलंय हे त्याला मागाहून कळतं. त्यात बुंध्याची कड सुरीनं कापल्यासारखी आणि गडाची कड ओल्यात विरलेली. फरकही झाडाकडं, धारही झाडाकडं. मग गडानं काय करायचं?

दुसरी गोष्ट रचनेची. पर्णभाराचं उजवं टोक गडाच्या उताराच्या रेषेला नेमकं टेकलंय. जवळची वस्तू आणि लांबची वस्तू अशी नुसती टेकली की दोन्ही एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखी वाटतात, मधलं मैल-दीड मैलाचं अंतर नाहीसं होतं. एक तर पानांचा झुपका अर्धा इंच उतारावर चढवायचा, नाहीतर अर्धा इंच अलीकडं थांबवायचा. टेकवायचं मात्र नाही. वर्गात सगळ्यात जास्त वेळा हीच चूक दिसते, आणि काढणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, कारण तो झाड बघत असतो, झाड आणि डोंगर यांच्यामधली फट बघत नसतो.

तिसरी, बांध. रेषा थेट कोपऱ्यातून काढली की ती नजरेला आत आणते तशी बाहेरही सोडते. कोपऱ्यापासून दोन बोटं उजवीकडं सरकवून खालच्या कडेतून आत घ्यावी.

आकाश, पोत, धसकटांवरचा कोरडा ब्रश (कमी पाण्याचे तुटक फटकारे) यांबद्दल तक्रार नाही. तिथं हात चांगला चाललाय.

अक्का_शहापूर

खडूफळा सर, मी लाल पारदर्शक कागदातून बघितलं (जिलेटिनचा, नाटकाच्या लाइटला लावतात तो). मला झाड तुम्ही म्हणता त्याहून गडद दिसलं आणि बांधाची माती जवळजवळ पांढरी. तुमचा ७ आणि माझा ७ जुळत नाही. कोण चुकलं?

चारकोल

लाल कागद चुकला, अक्का. तो छटा दाखवतो हे अर्धंच खरं. लाल काचेतून लाल उजेड सुटतो, हिरवा-निळा अडतो. म्हणून तांबडी माती, कौलं, पळसाची फुलं आहेत त्यापेक्षा फिकी दिसतात आणि हिरवं झाड काळं ठिक्कर पडतं. आपल्याकडं हिरवं आणि तांबडं हेच तर दोन मुख्य रंग, त्यामुळं नेमका इथंच हा उपाय फसवतो. धुक्याच्या निळ्या-करड्या चित्रावर तो त्यातल्या त्यात चालतो.

मोबाईलचं काळं-पांढरं बरं, पण दोन पथ्यं पाळा. एक, एचडीआर बंद करा. तो सावल्या वर ओढतो आणि आकाश खाली आणतो, म्हणजे जो फरक मोजायचा तोच पुसून टाकतो. दोन, आकाशावर बोट ठेवून उजेड ठरवू नका, जमीन काळी पडते. जमिनीवर ठेवलात तर आकाश फटफटीत. मध्यम छटेच्या जागेवर, धसकटं नाहीतर उसाच्या फडावर, बोट ठेवा.

जागेवर बसून काढत असाल तर सगळ्यात साधा उपाय डोळे किलकिले करण्याचा. पापण्या इतक्या मिटायच्या की पानं दिसेनाशी होतील आणि नुसते ढिगारे उरतील. जे दोन ढिगारे एकात मिसळले त्यांची छटा एक, रंग कुठलाही असो.

आणखी एक गंमत. मोबाईल बंद करून त्याचा काळा पडदा आरशासारखा धरा आणि दृश्याकडं पाठ करून त्यात बघा. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी चित्रकार आणि प्रवासी क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावानं ओळखली जाणारी काळपट बहिर्गोल काच घेऊन हेच करत. बारीकसारीक तपशील बुडतो, उजेड उतरतो, मोठे आकार तेवढे उरतात. डावं-उजवं उलटं होतं, पण तोही फायदाच. रचनेचा तोल कुठं ढळलाय ते उलट्या चित्रात लवकर कळतं.

निपाणीचा_पाहुणा

मला वाटतं मूळ चूक पुढच्या काळ्या पट्ट्यात आहे. अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांचा नियम असा: आकाश सगळ्यात उजळ, कारण उजेड तिथूनच येतो. सपाट जमीन त्याच्या खालोखाल, कारण ती आकाशाकडं तोंड करून असते. उतार त्याहून गडद. उभ्या वस्तू, म्हणजे झाडं, सगळ्यात गडद. या चित्रात सपाट जमीन ७ आणि झाडही ७. सपाट जमीन झाडाइतकी गडद झाली की ती आडवी राहत नाही, भिंतीसारखी उभी राहते. पट्टा ४ वर आणला तर सगळं जागेवर येईल असं वाटतं.

खानापूरकर

पाहुणे, नियम बरोबर आहे, पण तो उजेडाचा नियम आहे, मातीचा नाही. सगळी माती एका रंगाची असती तर तो तंतोतंत लागू पडला असता. आपल्या भागात तो तीन ठिकाणी मोडतो, आणि तिन्ही ठिकाणी पाठ केलेला नियम लावून चित्र बिघडतं.

पहिलं ठिकाण काळं रान. यळ्ळूर-वडगावची भाताची जमीन किंवा तिकडं बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी. ओली नांगरलेली असेल तर ती ७-८ असतेच, झाडाइतकी गडद. पण तीच वाळली की राखाडी होऊन ५ वर येते. म्हणजे आधी ठरवा, नांगर आज फिरलाय की आठवड्यापूर्वी. ढेकळांचे माथे वाळून ५ आणि खाचा ओल्या ८, असं एकाच पट्ट्यात दिसतं. या चित्रात पट्टा सरसकट ७ चा सपाट वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) आहे, म्हणून तो उभा वाटतो. छटा कमी करण्याची गरज नाही, ती तोडण्याची आहे. पुढच्या कडेला ढेकळं मोठी आणि फरक जास्त, मागं जाईल तशी बारीक आणि फरक कमी. एवढ्यानं पट्टा आडवा झोपतो.

दुसरं ठिकाण आमच्याकडची तांबडी माती. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा रस्ता. ही माती भडक असते म्हणून उजळ वाटते. भडकपणा वेगळा, उजळपणा वेगळा. कोरडी तांबडी वाट काळ्या-पांढऱ्यात ५ भरते, पावसात ६-७. नवशिके ती केशरीत पाणी घालून ३ वर काढतात आणि मग वाट जमिनीवरून उचलल्यासारखी तरंगते. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) लाइट रेड (मातकट लाल), पाणी बेताचं, आणि सावलीच्या बाजूला त्यातच थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा). पिवळा लावायचा मोह टाळा.

तिसरं ठिकाण आभाळ स्वतः. मृगाच्या सुमारास किंवा परतीच्या पावसाआधी पश्चिमेला ढग दाटलेत आणि पूर्वेकडून ऊन पडलंय, अशा वेळी आकाश ६ आणि उन्हातलं शेत ३. नियम पार उलटा. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले तेव्हा मागच्या बाजूला तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला होता. ती सवय आपल्याकडं जास्त उपयोगाची, कारण इथं सकाळचं आणि दुपारचं आभाळ एकमेकांना ओळख देत नाही.

जाता जाता आणखी एक. चुन्यानं पांढरी केलेली भिंत सावलीत आणि वाळलेली काळी माती भर उन्हात, या दोन्ही छटा एकमेकींच्या अगदी जवळ येतात, ४-५ च्या आसपास. डोकं कबूल करत नाही. किलकिल्या डोळ्यांनी बघा, मिसळतात. गावातलं देऊळ काढताना सावलीतली भिंत पांढरीच ठेवली की उन्हातली भिंत मेलीच.

पाणीदार

इतकं मोजमाप करत बसलं तर चित्रातली मजा जाणार नाही का? निसर्गचित्र मनानं काढायचं असतं, फूटपट्टीनं नव्हे.

खडूफळा

काढताना मोजू नका. अडल्यावर मोजा. हे चित्र अडलंय म्हणून मोजतोय. तबल्याला हातोडी वाजवताना लावत नाहीत.

निपाणीचा_पाहुणा

खानापूरकर, पट्ट्याबद्दलचं पटलं. माझ्या डोक्यात उसाचा फड आणि गवताळ माळ होता, तिथं नियम चालतो. गोकाकच्या धबधब्यालाही तुमचंच लागू पडेल बहुतेक?

खानापूरकर

तिथं तर हमखास चुकतं. पावसाळ्यात घटप्रभा गढूळ असते, पडणारं पाणी चहाच्या रंगाचं, छटा ४. पांढरा असतो तो फक्त खालचा तुषार आणि कड्यावरून फुटणाऱ्या पाण्याची कड. लोक अख्खा धबधबा कोरा सोडतात, मग पाण्याऐवजी वाळत घातलेलं धोतर दिसतं. कोरा कागद दहा टक्के जागेत वापरा आणि त्याच्या शेजारी खडक ७-८ ठेवा. पांढरेपणा शेजाऱ्याकडून येतो.

बांधावरचा

बरं, म्हणजे पट्टा सरसकट उजळ करायचा नाही. पण मूळ प्रश्न राहिलाच की. कागद तोच ठेवून नजर गडाकडं कशी न्यायची? चित्र धुऊन काढायचं नाही. बुंधा उचलून फिका करायचा विचार चालू आहे.

कोरडा_ब्रश

बुंध्याला हात लावू नका. जलरंगात गडद घासून उजळ करायला गेलं की कागद फाटतो नाहीतर मळतो. फरक दोन बाजूंनी कमी होतो हे लक्षात घ्या. बुंधा ८ आणि शेत २ असेल तर बुंधा तसाच ठेवून शेत ४ वर आणा. गडद उतरवण्यापेक्षा शेजारचं उजळ खाली आणणं दहापट सोपं.

क्रमानं सांगतो.

आधी रंग कुठले वापरलेत ते चित्रकाराला विचारा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, येलो ऑकर (मातकट पिवळा) असतील तर वरून वॉश देताना खालचा रंग थोडा हलेल, म्हणून एकदाच, हलक्या हातानं, मोठ्या मऊ ब्रशनं. प्रशियन ब्लू किंवा थॅलोचा (तीव्र निळा-हिरवा) रंग असेल तर तो कागदात मुरलेला असतो. हलणार नाही, पण उचलताही येणार नाही.

मग बुंध्याभोवतीच्या शेतावर वॉश. येलो ऑकर, त्यात अल्ट्रामरीन आणि अगदी थोडा क्रिमसन (गडद लाल), म्हणजे मळकट जांभळट पिवळा. दाटपणा चहासारखा. झाडाची सावली डावीकडं पडतेच, ती मोठी करा आणि बुंध्याच्या तळाशी सावली, बुंधा आणि बांध यांची एकच गडद जागा होऊ द्या. बुंध्याची डावी कड तिथं हरवली पाहिजे. उजवी कड उन्हाची आहे, ती राहू दे, पण पूर्ण उंचीभर नको, मधे एक-दोन ठिकाणी ओल्या ब्रशनं मऊ करा.

दाटपणाचं माप आमच्याकडं असं: चहा, ताक, काकवी. चहाएवढ्या पातळ रंगानं २ ते ३ पर्यंत जाता येतं, ताकानं ४ ते ६, काकवीनं ७ ते ९. आणि वाळल्यावर प्रत्येक वॉश साधारण एक पायरी उतरतो, म्हणून ओला असताना एक पायरी जास्तच दिसला पाहिजे. ओला बरोबर दिसला म्हणजे वाळल्यावर फिका पडणार हे नक्की.

वॉश देण्याआधी खालचा थर पूर्ण वाळलाय ना बघा. चमक गेली म्हणजे वाळला असं नाही. हाताची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात बेळगावात अर्धा तासही पुरत नाही, एप्रिलमध्ये पाच मिनिटांत वाळतो. अर्धवट ओल्यावर पाणीदार ब्रश टेकवला की पाणी कडेला रंग ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. तो उठला तर घासू नका, वाळू द्या, मग त्या जागेवर पानांचा झुपका नाहीतर ढेकूळ काढून मोकळे व्हा.

आता गड. आकाश उजळ करणं शक्य नाही, ते २ वरच आहे. म्हणून गड ३ वरून ५ वर न्या. अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना, ताकापेक्षा पातळ.

चारकोल

इथं हरकत आहे. गड ५ वर नेला तर तो पुढं येईल. लांबची वस्तू जितकी लांब तितकी फिकी आणि निळसर. मधल्या हवेत धूळ-बाष्प असतं, त्यावरचा उजेड डोळ्याकडं येतो आणि गडद जागा उजळतात. मधलं शेत ३ आणि मागचा गड ५, म्हणजे अंतर उलटं झालं.

कोरडा_ब्रश

सगळा गड ५ नको, फक्त माथा. तटाची रेषा ५, आणि तिथून खाली येताना पाणी वाढवत पायथा ३ वर सोडायचा, पायथ्याची कड तर ओल्यातच विरघळू द्यायची. सकाळी धुकं आणि चुलींचा धूर खाली बसलेला असतो, म्हणून डोंगराचे माथे पायथ्यापेक्षा गडद दिसतातच. हिवाळ्यात कुठल्याही सकाळी यळ्ळूर रोडवर उभं राहून बघा की. माथा आकाशाशी तीन पायऱ्यांनी भिडला, पायथा शेतात मिसळला, म्हणजे गड उठतोही आणि लांबही राहतो. रंग निळसर ठेवा, ऊबदार केलात तर मात्र तुम्ही म्हणता तसा पुढं येईल.

कागद उलटा धरून करा. वरची बाजू खाली, म्हणजे रंग माथ्याकडं ओघळून तिथं साचतो आणि पायथा आपोआप फिका राहतो.

चारकोल

उलटा धरायची युक्ती झकास. हरकत मागे. फक्त तटाची रेषा सगळीकडं सारखी तीक्ष्ण नको. एका बुरुजापाशी धारदार, बाकी मऊ. डोळ्याला थांबायला एकच जागा द्या.

अक्का_शहापूर

एक शंका. चित्रात गड फारच बुटका वाटतोय. प्रत्यक्षात तो एवढा लहान वाटत नाही. चित्रकारानं फोटोवरून काढलंय का?

बांधावरचा

होय, रेखाटन फोटोवरून, रंग जागेवर.

चारकोल

मग तिथंच पाणी मुरलंय. मोबाईलचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य घेतो, त्यात जवळची जमीन पसरते आणि लांबचा डोंगर आक्रसतो. प्रत्यक्ष बघताना आपण गडावर लक्ष एकवटतो, त्यामुळं तो मनात मोठा असतो. दोनपट झूम लावून घेतलेल्या फोटोतलं प्रमाण डोळ्याला खरं वाटतं. पुढं किती जागा द्यायची ते रुंद फोटोवरून ठरवा, डोंगराची उंची झूमवरून. रेखाटनात गड पाऊणपट वाढवला तरी कोणी मोजायला जात नाही.

या कागदावर गड वाढवता येणार नाही, पण कागद कापता येतो. पुठ्ठ्याचे दोन एल आकार कापा, दोन इंच रुंद, हात सोळा-सोळा इंचांचे. चित्रावर ठेवून सरकवत बघा. खालून एक इंच आणि डावीकडून दीड इंच झाकलं की बांधाचा कोपरा जातो आणि गड आपोआप मोठा होतो. माझ्या फोटोवर बोटांनी झाकून बघितलं, निम्मं दुखणं तिथंच बरं होतंय.

खडूफळा

कापण्याची लाज वाटू नये. डच चित्रकार हॉबेमाचं १६८९ चं मिडलहार्निस गावच्या वाटेचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मधोमध सरळ रस्ता, दोन्हीकडं उंच शिडशिडीत झाडं. त्याच्या क्ष-किरण तपासणीत दिसलं की पुढं दोन्ही बाजूंना आणखी एकेक झाड होतं, ते चित्रकारानं नंतर रंगाखाली बुजवलं. ती दोन झाडं असती तर आकाश अरुंद झालं असतं आणि रस्त्याचं तोंड बंद झालं असतं. तैलरंगात बुजवता येतं, जलरंगात कापावं लागतं, एवढाच फरक.

रस्ता मधोमध नको हा नियम त्याच चित्रात मोडलाय, तेही बघण्यासारखं आहे. रस्ता मधे आहे, पण वाटेवरची माणसं, उजवीकडची रोपं लावणारा माणूस, डावीकडचं झाडीचं वजन, यांनी दोन्ही बाजू वेगळ्या केल्यात. सारखेपणा मोडला की मधोमध चालतं.

पुढच्या वेळी मात्र कागदाला हात लावण्याआधी छोटी कच्ची चित्रं करायला सांगा. तीन पुरेत. आणि मापात करा: लोक वहीत तीन बाय दोन इंचांचा चौकोन काढतात आणि कागद १५ × ११. प्रमाणच जुळत नाही, मग मोठ्या कागदावर आल्यावर वर किंवा खाली जागा उरते आणि ती भरायला एक बैलगाडी येते. साडेसात बाय साडेपाच सेंटिमीटर घ्या, प्रमाण तंतोतंत तेच. सहा बी (मऊ, गडद) पेन्सिल, तीनच छटा: कोरा कागद, करडा, काळा. झाड, गड, शेत असं काढायचंच नाही. काळे तुकडे कुठं, किती, एवढंच. तिन्ही छटांनी सारखी जागा घेतली की चित्र गोधडीसारखं होतं; एकीनं निम्म्याहून जास्त जागा घ्यावी, दुसरीनं बऱ्यापैकी, तिसरीनं चिमूटभर. इथं उजळ निम्मं आहे, काळं पाव आणि करडं पाव. काळं आणि करडं समसमान, तिथंच रस्सीखेच लागलीय.

पाणीदार

बैलगाडी 😀 पटलं. माझ्या तीन चित्रांत आहे.

निपाणीचा_पाहुणा

जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची कोल्हापूरची तळ्याकाठची निसर्गचित्रं बघितलीत का कोणी या दृष्टीनं? करड्याचाच संसार, गडद अगदी मोजकं. ‘एकीनं निम्म्याहून जास्त’ म्हणजे काय ते तिथं लगेच कळतं. चित्रकार रवी परांजपे तर बेळगावचेच, चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींकडं शिकलेले, त्यांच्याकडं रंग भरपूर, पण काळं-पांढरं करून बघा, आकार विस्कटत नाहीत.

अक्का_शहापूर

छापलेल्या पुस्तकावरून किंवा नेटवरून छटा मोजताना जपून हो. छपाईत गडद बुजतं आणि एकाच चित्राच्या दोन प्रतींत दोन आकडे येतात. क्रम बघा, आकडा नको. कोण कोणापेक्षा गडद, हे सहसा बदलत नाही.

बांधावरचा

चित्रकारानं काम केलं, बातमी देतो.

गडाचा माथा कागद उलटा धरून ५ वर नेला, पायथा सोडला. बुंध्यामागचं शेत ४ वर आलं. डावीकडून दीड इंच कापलं, खालून पाऊण. झुपक्याची टेकलेली जागा उतारावर थोडी पानं चढवून मोडली. आता पहिल्यांदा नजर बुरुजावर जाते, मग झाडाकडं येते. हे मी आणि इतर दोघांनी उलटं धरून, आरशात आणि दहा फुटांवरून बघितलं.

एक बिघडलं. शेतावरचा वॉश देताना बुंध्याचा बर्न्ट सिएना हलला आणि उजवीकडं तांबूस ओघळ आला. आणि काळा पट्टा ढेकळं काढून आडवा झाला खरा, पण तो अजून कुंपणासारखा आडवा येतो. बांध त्याच्यापाशी येऊन थांबतो.

कोरडा_ब्रश

ओघळ राहू दे, वाळल्यावर त्याला धसकटांच्या दोन-चार रेघा मारा, उन्हाची तिरीप वाटेल. टिपायला गेलात तर पांढरा ठिपका पडेल आणि पुन्हा नजर तिकडं.

पट्ट्याला एक फट हवी. बांध जिथं भिडतो तिथं मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा, मधे बोटाच्या निम्म्याएवढी फट, खाली रुंद, वर अरुंद. टेपची कड नखानं दाबून बसवा, नाहीतर पाणी आत शिरतं. टेप आधी कपड्याला दोनदा चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करा, नाहीतर काढताना कागदाचं साल निघेल. ओला स्पंज पिळून फटीतून दोनदा फिरवायचा, लगेच टिश्यूनं दाबायचं. घासायचं नाही, दाबायचं. पट्टा अल्ट्रामरीन-सिएनाचा असेल तर ३-४ पर्यंत उचलला जाईल. टेप वाळल्यावर, कडेकडेनं, कागदाला समांतर ओढून काढा.

खानापूरकर

आणि उचललेल्या जागेत बांधाचा मातकट रंग सगळा भरू नका. निम्म्या फटीत आकाशाचा निळसर करडा ठेवा, म्हणजे बांधालगतचा पाण्याचा पाट होईल. पाटात आकाश, वर गडामागं आकाश. दोन उजळ जागा एकमेकींशी बोलतात. आकाशापेक्षा थोडा गडदच ठेवा, पाणी आकाशाहून उजळ झालं तर आरसा पडल्यासारखा दिसेल.

बांधावरचा

पाट तिथं खरोखर आहे, फोटोत उजव्या बाजूला दिसतोय. चित्रकारानं गाळला होता. आज संध्याकाळी टेप लावतोय.